स्वस्त विमान तिकीट : काटकसर कुठे आणि कसर कुठे?

एकेकाळी विमानाने जाणे हे बड्या शेठ लोकांचे आणि सरकारी साहेबांचे काम समजले जाई. मालेगावचा कापड व्यापारी कोलकात्याच्या बाजाराला निघो, की कोल्हापूरचा चप्पल कारागीर दिल्लीच्या प्रदर्शनाला, रेल्वेचा डबा ठरलेला असे. जाण्यात दोन दिवस, येण्यात दोन दिवस आणि तेवढा काळ दुकानाचा नाही तर कारखान्याचा खोळंबा. आज परिस्थिती पालटली आहे. सकाळी मुंबईहून निघून दिल्लीत माल पाहायचा आणि रात्री घरी जेवायला परत यायचे, हे मध्यम व्यापाऱ्यालाही परवडू लागले आहे. आखातात नोकरी करणारा कोकणातला तरुण वर्षातून एकदा तरी आईवडिलांना भेटून जातो. उमराहला जाणाऱ्या कित्येक कुटुंबांचा हिशेब कमी भाड्याच्या विमानामुळेच जुळतो. २०२४ साली देशातल्या देशात विमानाने फिरणाऱ्यांची संख्या १६ कोटींच्या पुढे गेली.

हा बदल घडवला तो कमी भाड्याच्या म्हणजे ‘बजेट’ विमान कंपन्यांनी. त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ‘महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार’ ही बाजारातली जुनी म्हण आहे आणि तिकीट काढताना ती अनेकांच्या मनात येते. एवढ्या कमी पैशात हे लोक विमान उडवतात तरी कसे? स्वस्ताईची किंमत आपल्या जिवाने तर मोजावी लागणार नाही ना?

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र ‘स्वस्त म्हणजे धोकादायक’ इतके सोपे नाही. धंदा करणारा माणूस काटकसर आणि कसर यांतला फरक चांगला जाणतो. दुकानातली शोभेची रोषणाई कमी करणे ही काटकसर, आणि कापडात सूत कमी घालणे ही कसर. विमान कंपनीलाही हीच कसोटी लावावी, असे आम्हास वाटते.

स्वस्ताईचे गणित

अमेरिकेतील टेक्सास राज्यात १९७१ साली साउथवेस्ट या कंपनीने डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो या तीन शहरांमध्ये विमाने सुरू केली. आज जगभरच्या बजेट कंपन्या चालतात त्या मुख्यतः याच कंपनीने घालून दिलेल्या रीतीने.

पहिली गोष्ट म्हणजे एकाच जातीची विमाने. एकच यंत्र असले की कारागीर एकाच कामात तरबेज होतो आणि सुटे भागही एकाच प्रकारचे ठेवावे लागतात. यंत्रमाग चालवणाऱ्या आमच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. दुसरी गोष्ट, विमान जमिनीवर कमीत कमी वेळ ठेवायचे. उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंत पंचवीस-तीस मिनिटे. विमान उडते तेव्हाच कमावते. तिसरी गोष्ट, आसने जास्त. एअरबस ए-३२० या विमानात बजेट कंपनी १८० ते १८६ आसने बसवते. बिझनेस वर्ग ठेवणारी कंपनी त्याच विमानात सुमारे वीस आसने कमी बसवते. चौथी गोष्ट, जेवण, जादा सामान, हवी ती जागा या सगळ्यांचे पैसे वेगळे.

यांतल्या कोणत्याही गोष्टीने विमान स्वतःहून धोकादायक होत नाही. आसने जास्त असली तरी निम्मे दरवाजे बंद आहेत असे धरून सर्व प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे सिद्ध केल्याशिवाय तेवढ्या आसनांना परवानगीच मिळत नाही. जेवणाचे ताट काढून घेतले म्हणून इंजिन बिघडत नाही. ही झाली काटकसर.

आपल्या देशातला अनुभव

भारतात १९५३ साली विमान वाहतूक सरकारच्या ताब्यात गेली. जवळजवळ चार दशकांनी, १९९२ मध्ये, ईस्ट वेस्ट एअरलाइन्स ही मोठ्या प्रमाणावर उड्डाणे करणारी पहिली खाजगी कंपनी मुंबईतून सुरू झाली. तिचे संस्थापक तकीउद्दीन वाहिद मूळचे केरळचे. मुंबईत प्रवासी तिकिटांचा धंदा करता करता त्यांनी थेट विमान कंपनीच काढली. नोव्हेंबर १९९५ मध्ये वांद्रे येथे त्यांची हत्या झाली आणि पुढच्याच वर्षी कंपनी बंद पडली. ती कमी भाड्याची कंपनी नव्हती, पण सरकारी मक्तेदारीला पर्याय देता येतो हे तिने दाखवले. १९९४ मध्ये १९५३ चा कायदा रद्द झाला.

खऱ्या अर्थाने स्वस्त तिकीट आणले ते कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने, ऑगस्ट २००३ मध्ये. तिच्या एक रुपयाच्या तिकिटाची त्या काळी घरोघरी चर्चा झाली. त्यानंतर २००५ मध्ये स्पाइसजेट, एअर इंडिया एक्सप्रेस व गोएअर, २००६ मध्ये इंडिगो आणि २०२२ मध्ये अकासा अशी रांग लागली.

परंतु या धंद्यात नफा फार बारीक आहे. इंधन महागले, रुपया घसरला की हिशेब कोलमडतो. एअर डेक्कन किंगफिशरमध्ये विलीन झाली, किंगफिशर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेज २०१९ मध्ये बंद पडली. गोएअरचे नाव पुढे गो फर्स्ट झाले आणि २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. बुडालेल्या कंपनीत तिकिटाचे पैसे अडकतात हा एक भाग झाला. बुडण्याच्या आधी, हात तंग असतानाच्या दिवसांत, ती कंपनी कोणता खर्च पुढे ढकलते, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

टोप्या लावल्याच नाहीत

कसर जिवावर कशी बेतते याचे उदाहरण म्हणून जगभर व्हॅल्यूजेट या अमेरिकन कंपनीचे नाव घेतले जाते. १९९३ मध्ये सुरू झालेली ही कंपनी जुनी विमाने विकत घेई, भाडे कमी ठेवी आणि देखभालीचे बरेचसे काम बाहेरच्या ठेकेदारांना देई. ११ मे १९९६ रोजी तिचे विमान मायामीहून निघाले आणि काही मिनिटांतच पेटून दलदलीत कोसळले. त्यातील सर्व ११० जण मरण पावले.

चौकशीत निघाले ते असे. देखभाल करणाऱ्या ठेकेदाराने मुदत संपलेली प्राणवायू तयार करणारी शंभराहून अधिक नळकांडी काढून ठेवली होती. त्यांवर किरकोळ किमतीच्या प्लास्टिकच्या सुरक्षा टोप्या बसवणे आवश्यक होते. टोप्या बसवल्याच नाहीत, पण कामाच्या कागदावर मात्र बसवल्याच्या सह्या झाल्या. पुढे तीच नळकांडी ‘रिकामी’ अशी नोंद करून विमानाच्या सामानात भरली गेली. ती तापली, आग लागली आणि प्राणवायूने ती भडकवली.

चौकशी समितीने तिघांना जबाबदार धरले. ठेकेदाराला, ठेकेदारावर लक्ष न ठेवणाऱ्या विमान कंपनीला आणि दोघांवर लक्ष न ठेवणाऱ्या सरकारी खात्याला. या कंपनीची विमाने थांबवण्याचा विचार करावा, असे त्या खात्यातल्या एका टिपणात अपघाताच्या काही महिने आधीच लिहिलेले होते. ते कागदावरच राहिले.

काम न करता केल्याची सही करणे म्हणजे काय, हे कारागिराइतके कोणाला कळेल?

मंगळूर आणि कोझिकोड

आपल्याकडचे दोन अपघात आखाताच्या वाटेवरचे आहेत आणि त्यांत गेलेली माणसे बहुतांशी कष्टकरी वर्गातली होती.

२२ मे २०१० रोजी एअर इंडिया एक्सप्रेसचे दुबईहून आलेले विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. १५८ जण मृत्युमुखी पडले, फक्त ८ वाचले. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत असे आढळले की, परतीच्या प्रवासात कॅप्टन दीड तासाहून अधिक काळ झोपलेले होते. जाग आल्यावर झोपेची गुंगी उतरली नसताना त्यांनी विमान फार उंचावरून आणि वेगाने खाली आणले. सहवैमानिकाने पुन्हा वर उचलण्याची सूचना वारंवार केली, ती मानली गेली नाही. हेच दोन वैमानिक त्याच रात्री मंगळूरहून विमान घेऊन दुबईला गेले होते आणि तेच पहाटे परत आणत होते.

७ ऑगस्ट २०२० रोजी, कोरोनाच्या काळात, याच कंपनीचे दुबईहून आलेले विमान भर पावसात कोझिकोडच्या तशाच धावपट्टीवर उतरताना घसरले. विमानात १९० जण होते. दोन्ही वैमानिकांसह २१ जण प्राणास मुकले. ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही आणि निम्मी धावपट्टी संपल्यावर विमान टेकले, असे चौकशी अहवालात म्हटले आहे. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे. कोझिकोडच्या तळावर कंपनीने पुरेसे कॅप्टन नेमलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाणही याच कॅप्टनना करायचे होते, आणि त्यासाठी कोझिकोडलाच उतरण्याकडे त्यांचा कल झाला असावा.

दोन्ही वेळी कंपनी सरकारी मालकीची होती. २०२२ पासून ती टाटा समूहाकडे आहे. म्हणजे हा प्रश्न केवळ खाजगी मालकांच्या लोभाचा नाही. जिथे माणसे कमी आणि उड्डाणे जास्त असतात, तिथे मालक कोणीही असो, थकवा कॉकपिटमध्ये शिरतो.

उधारी थकली की सुटे भाग अडतात

२०२२ च्या उन्हाळ्यात स्पाइसजेटच्या विमानांत १८ दिवसांत बिघाडाच्या ८ घटना घडल्या. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, कंपनीला नोटीस दिली. त्या नोटिशीतील एक वाक्य व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. कंपनी ‘कॅश अँड कॅरी’वर चालते, पुरवठादारांचे पैसे नियमित दिले जात नाहीत आणि म्हणून सुट्या भागांचा तुटवडा पडतो, असे २०२१ च्या आर्थिक तपासणीत आढळल्याचे त्यात म्हटले होते. पुढे काही महिने कंपनीची उड्डाणे निम्म्यावर आणली गेली.

याचा अर्थ बाजारातला कोणीही समजू शकेल. घाऊक व्यापाऱ्याची बाकी थकली की तो रोख मोजल्याशिवाय माल सोडत नाही. कपड्याच्या दुकानात त्याने फार तर गिऱ्हाईक परत जाते. विमानात मात्र बिघडलेला भाग बदलण्याऐवजी नियमात बसणाऱ्या सवलतीवर काही दिवस ढकलले जातात. अशी सवलत कायद्याने असते, कारण प्रत्येक भाग उड्डाणाला अत्यावश्यक नसतो. पण ती अडीअडचणीसाठी आहे, रोजची रीत म्हणून नाही.

दुसरी घटना २०२५ ची. युरोपच्या सुरक्षा संस्थेने इंजिनाचे काही भाग मुदतीत बदलण्यास सांगितले होते. एअर इंडिया एक्सप्रेसच्या एका एअरबस विमानात ते मुदतीत बदलले गेले नाहीत, आणि बदलल्याचे दाखवण्यासाठी नोंदींत फेरफार झाला, असे डीजीसीएने कंपनीला सुनावले. कंपनीने चूक मान्य केली आणि संबंधितांवर कारवाई केली. अपघात झाला नाही, पण सही आणि काम यांची फारकत व्हॅल्यूजेटच्या जातीचीच होती.

विश्रांतीचाही खर्च असतो

वैमानिकांना पुरेशी विश्रांती मिळावी म्हणून डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम काढले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली. रात्रीच्या पाळीत एका वैमानिकाला विमान सहा वेळा उतरवता येई, ती संख्या दोनवर आणली. कंपन्यांची तक्रार ऐकून अंमलबजावणी लांबली आणि शेवटचा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. जवळजवळ दोन वर्षे हातात होती.

तरीही डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोचे वेळापत्रक कोसळले. हजारो उड्डाणे रद्द झाली, एकाच दिवशी हजाराच्या वर. लग्नाचे वऱ्हाडी, परीक्षेचे विद्यार्थी, माल पोचवायला निघालेले व्यापारी विमानतळाच्या जमिनीवर झोपले. देशातले साठ टक्क्यांहून अधिक प्रवासी एकाच कंपनीच्या विमानांत बसत असल्यामुळे दुसरीकडे जायला जागाही नव्हती. शेवटी डीजीसीएने त्या कंपनीला रात्रपाळीच्या नियमांतून फेब्रुवारी २०२६ पर्यंत काही सूट दिली.

आमच्या मते सर्वात काळजीची बाब ती हीच. नियम प्रवाशांच्या जिवासाठी होता. कंपनीने तयारी केली नाही, गोंधळ झाला, आणि मागे हटावे लागले ते नियमाला. पेठेतला सर्वात मोठा व्यापारी एकच उरला की वजनमापे तपासणाराही दबकून वागतो, तशी ही गत. त्यातच डीजीसीएच्या मंजूर तांत्रिक पदांपैकी जवळजवळ निम्मी रिकामी असल्याची गोष्ट २०२५ मध्ये संसदेपुढे आली. विमाने शेकड्यांनी वाढत असताना तपासणारे मात्र निम्मेच.

नाण्याची दुसरी बाजू

इतके लिहिल्यावर वाचकांनी घाबरून महागडेच तिकीट काढावे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आयर्लंडची रायनएअर १९८५ पासून चालते, वर्षाला वीस कोटींच्या घरात प्रवासी नेते, आणि तिच्या विमान अपघातात आजवर एकही प्रवासी दगावलेला नाही. इंडिगोच्या उड्डाणातही २००६ पासून अपघातात प्रवाशाचा मृत्यू झालेला नाही. बजेट कंपन्यांची विमाने पुष्कळदा नवी असतात, कारण नवे विमान इंधन कमी पिते.

उलट १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला लंडनकडे निघालेले जे विमान पडले, ते पूर्ण सेवा देणाऱ्या एअर इंडियाचे होते. विमानातील २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरचे १९ असे २६० जण त्यात गेले. महाग तिकिटाने संरक्षण विकत मिळते, हा समज खरा नाही.

आणि चांगल्या नावावरही कायम विसंबता येत नाही. ज्या साउथवेस्टचे उदाहरण आम्ही वर दिले, तिनेच आवश्यक असलेली भेगांची तपासणी न करता ४६ विमाने उडवल्याचे २००८ मध्ये उघड झाले आणि तिला लाखो डॉलरचा दंड भरावा लागला. तपासणारा जागा असला तरच चांगला कारागीरही चांगला राहतो.

वाचकांनी काय ध्यानात ठेवावे?

पहिली गोष्ट, भाडे पाहण्याआधी कंपनीची अवस्था पाहावी. पगार थकले आहेत, भाड्याने दिलेली विमाने मालक परत मागत आहेत, पुरवठादार कोर्टात गेले आहेत, अशा बातम्या सतत येत असतील तर सावध व्हावे. ज्या पेढीशी आपण उधारीवर व्यवहार करणार नाही, तिच्या विमानात घरच्यांना बसवताना दोनदा विचार करावा. उमराह किंवा आखाताच्या सहलीसाठी दलालाकडे पैसे भरताना कंपनीचे नाव आणि विमान कुठे बदलायचे आहे, ते लेखी मागून घ्यावे.

दुसरी गोष्ट, विमान उशिरा निघाले किंवा पावसामुळे दुसऱ्या शहरात उतरवले, म्हणून वैमानिकाशी हुज्जत घालू नये. पुन्हा वर उचललेले विमान सुरक्षित असते. मंगळूरला आणि कोझिकोडला तेच करायला हवे होते. आपल्या घाईचा दबाव शेवटी कॉकपिटपर्यंत पोचतो.

तिसरी गोष्ट व्यापारी व कारागीर यांच्या स्वतःच्या हातातली आहे. थिनर, पॉलिश, चिकटवण्याचे सोल्यूशन, स्प्रे रंग, लायटर, स्पिरिट असलेले सुगंधी द्रव्य हा माल ‘नमुने’ किंवा ‘घरगुती सामान’ म्हणून विमानात पाठवू नये. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत कधीही टाकू नये, जवळच ठेवावी. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसान विमानतळावर एका बजेट कंपनीचे विमान जळाले, ते पॉवर बँकेमुळे असावे असे तपासात आढळले. विमान जमिनीवर होते म्हणून सर्वजण वाचले. व्हॅल्यूजेटची आग ‘रिकामी नळकांडी’ या एका खोट्या नोंदीने लागली, हे विसरू नये.

चौथी गोष्ट, हक्क सोडू नये. उड्डाण रद्द झाले तर पूर्ण पैसे परत किंवा दुसरे उड्डाण, यांतले काय हवे ते निवडण्याचा अधिकार प्रवाशाचा आहे. वेळेत कळवले नसेल आणि कारण कंपनीच्या हातातले असेल, तर भरपाईही मिळू शकते. सरकारच्या ‘एअरसेवा’वर तक्रार नोंदवता येते. अपघातात माणूस गेल्यास आंतरराष्ट्रीय प्रवासात ठराविक मर्यादेपर्यंत भरपाई देणे कंपनीला बंधनकारक आहे, तिचा दोष सिद्ध करावा लागत नाही. दुःखाच्या भरात कोणत्याही कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. मंगळूरच्या अपघातातील एका कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ७ कोटी ६४ लाख रुपये व्याजासह मंजूर केले, ते दहा वर्षे लढल्यानंतर, २०२० मध्ये.

स्वस्त विमानाने गरीब आणि मध्यम माणसाला मोठी सोय करून दिली आहे. ती टिकावी अशीच आमची इच्छा आहे. त्यासाठी जेवण काढा, जागा आखूड करा, सामानाचे पैसे घ्या, आमची हरकत नाही. पण सुटा भाग, कारागिराची सही आणि वैमानिकाची झोप, या तीन ठिकाणी कात्री चालवण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीला नाही, आणि तशी सूट देण्याचा अधिकार कोणत्याही सरकारी खात्यालाही असू नये. व्यापारी संघटना आपल्या मालाच्या करासाठी दिल्लीला निवेदने पाठवतात. डीजीसीएची रिकामी पदे भरा आणि विश्रांतीचे नियम पातळ करू नका, हे निवेदनही त्याच लिफाफ्यात जायला हवे. त्या विमानांत बसणारी माणसे आपलीच आहेत.